एका बाजूनं कोरी गिनी

माझ्या दुकानात माणसं आशेनं येतात आणि बहुतेक वेळा तोंड पाडून जातात. हा माझा धंदा आहे, स्वभाव नव्हे, हे मी नवऱ्याला इतकी वर्षं समजावते आहे. मुलाला समजावणं सोडून दिलं. त्याला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतच. संध्याकाळी दार उघडताना तो विचारतो, "मम्मी, आज किसका दिल तोड़ा?"

मी चंदीगडला जुन्या नाण्यांच्या दुकानात काम करते. नाणी विकायला मालक चावलाजी, त्यांचा मुलगा आणि सून असे तिघं आहेत. माझ्याकडे फक्त नाणी तपासायला येतात, आणि तीही एका प्रकारची: टाकसाळीतच चुकलेली. टाकसाळीतून बिघडलेलं नाणं सहसा बाहेर पडत नाही. पडलंच, तर शौकीन मंडळी त्याच्यासाठी जीव टाकतात. म्हणजे सरकारनं केलेल्या कामाला जेवढी किंमत नाही तेवढी सरकारच्या चुकीला आहे. अडचण एवढीच, की नाणं बाहेर पडल्यावर त्याचं जे काही होतं, कुणी हातोडीनं ठोकतं, कुणी रुळावर ठेवतं, कुणी त्यानं स्क्रू पिळतं, ते सगळं लांबून टाकसाळीच्या चुकीसारखंच दिसतं. त्यातली खरी चूक कुठली आणि मारपीट कुठली, हे सांगणं माझं काम.

मी मूळची इचलकरंजीची. वडील मागावरून आलेले तागे तपासायचे. कापड उजेडात धरून दोष विणताना पडला की गाडीत चढवताना, हे ते बोट फिरवून सांगत आणि मागवाला व गाडीवाला दोघांच्याही शिव्या खात. लग्नानंतर नवऱ्याच्या हवाई दलातल्या नोकरीमुळे इकडे आले आणि इथलीच झाले. चावलाजींना तिकिटांचे अल्बम लावायला कुणीतरी हवं होतं. काही महिन्यांनी त्यांनी मला एक रुपया दाखवून सहज विचारलं, आणि मी बोट फिरवून म्हटलं, हा नंतर खरवडलाय. त्यांनी तिकिटं माझ्याकडून काढून घेतली आणि भिंग हातात दिलं. वडिलांना फोन करून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, आता शिव्या खायची सवय कर.

न जाणणाऱ्यांसाठी थोडं सांगते. मोठी पोळी लाटून वाटीनं पुऱ्या पाडतात, तशा धातूच्या पत्र्यातून कोऱ्या चकत्या पाडतात. मग एकेक चकती दोन ठशांच्या मध्ये येते, भोवती तिला पसरू न देणारं कडं असतं, आणि एका दणक्यात दोन्ही बाजू उमटतात. टाकसाळीची चूक व्हायची ती या दणक्यापर्यंत. चकती सरकली तर चित्र अर्धं उमटतं आणि उरलेल्या जागी कोरी चंद्रकोर राहते. ठशाला तडा गेला असेल तर धातू त्या तड्यात घुसतो आणि नाण्यावर रेघ येते. पण ती रेघ उंच येते, वर उठलेली. ओरखडा खोल असतो. नखानं कळतं. निम्मी गिऱ्हाइकं मी नुसत्या नखावर परत पाठवते.

हल्ली मोबाइलवरच्या व्हिडिओंनी आमचं काम वाढवलंय. एक हसरा माणूस दोन रुपयाचं नाणं दाखवून सांगतो की हे लाखाला जातं, आणि दुसऱ्या दिवशी दुकानापुढे रांग लागते. त्यातले एक गृहस्थ वकील होते. कॅपिटॉल कॉम्प्लेक्समधलं हायकोर्ट सुटल्यावर तसेच काळ्या कोटात आले आणि घास घेतल्यासारखं कड तुटलेलं नाणं माझ्यापुढे ठेवून युक्तिवादच सुरू केला. असा घास टाकसाळीत पडू शकतो, हे खरं आहे. आधीच्या भोकावर वाटी चढली तर पुरी जशी एका बाजूनं खाल्लेली येते, तसाच प्रकार. पण अशा चकतीवर ठसा पडतो तेव्हा घासाच्या बरोबर समोरच्या बाजूला धातूवर जोर येत नाही, आणि तिथली कड बसकी राहते. वकीलसाहेबांच्या नाण्याची समोरची कड अगदी कोरीव होती. घास नंतर गोल कानशीनं घेतलेला होता. मी तसं सांगितलं. ते म्हणाले, मैडमजी, शक का फायदा मुलज़िम को मिलना चाहिए. मी म्हटलं, शंकाच नाहीये तर फायदा कुठून देऊ. मग त्यांनी चावलाजींकडे अपील केलं. चावलाजींनी चहाचा कप खाली न ठेवता माझा निकाल कायम केला. पुढच्या आठवड्यात वकीलसाहेब दुसरं नाणं घेऊन हजर. अजून येतात. एकही खटला जिंकलेले नाहीत, पण दुकानात त्यांची खुर्ची ठरलेली आहे.

वाईट वाटलं असं एक नाणं सांगते. सेक्टर ४३च्या बस टर्मिनसवर मी एकदा लुधियानाच्या बसची वाट पाहत होते. समोरच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या आरशाला लिंबू-मिरचीच्या जोडीला एक नाणं लटकत होतं. खालून पाहतानाच मी पर्समधलं भिंग चाचपलं. चित्र अर्ध्याहून जास्त सरकलेलं, कोऱ्या भागाची मोठी कोर, आणि काठावर कुठेही ठोकल्याची खूण नाही. खरीखुरी, देखणी चूक होती ती. आणि त्या कोऱ्या कोरेच्या मधोमध दोरा ओवायला ड्रिलनं आरपार भोक पाडलेलं. मी चढले आणि त्या सरदारजींना सांगितलं की तुम्ही केवढी वस्तू भोसकलीत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जी, इसने कितने सालों से मेरी गाड़ी बचाई है. आपके पास होता तो डिब्बी में सोता रहता." नाणं तिथंच ठेवून मी खाली उतरले. लुधियानाची बसही गेली.

पण लिहायला बसले ते गेल्या वर्षीच्या एका गिनीसाठी.

दिवाळी झाल्यावर एक मराठी जोडपं आलं. विंग कमांडर देशमाने आणि त्यांच्या पत्नी स्नेहल. इथे पोस्टिंगवर होते. मराठी ऐकलं की मला आधी चहा सांगावासा वाटतो, पण बाईंना चहा नको होता. त्यांनी पर्समधून रुमालात बांधलेली सोन्याची गिनी काढली. एका बाजूला तलवार घेतलेला घोडेस्वार, थोडा झिजलेला, पण स्वच्छ दिसणारा. दुसऱ्या बाजूला, जिथे राजाचं तोंड असायला हवं, तिथे काहीच नाही. गुळगुळीत कोरं.

त्या म्हणाल्या, एका सराफानं सांगितलंय, एक तर टाकसाळीत ही बाजू उमटायचीच राहिली, नाहीतर कुणीतरी हिच्यातलं सोनं काढून घेतलं. तुम्ही कुठलं ते सांगा.

सांगताना त्यांचा आवाज इतका कोरडा होता, की मी विचारलं, गिनी कुणाची. मग हळूहळू सगळं निघालं. सासूबाई मिरजेला मोठ्या मुलाकडे असायच्या. जाताना त्यांनी वाटण्या केल्या. मोठ्या सुनेला पाटल्या आणि गोठ, आणि स्नेहलबाईंना ही एकच गिनी. वर म्हणाल्या, सगळ्यांत मोलाची वस्तू तुला देतेय. त्यानंतर त्यांचं बोलणंच गेलं. गिनी मिरजेच्या कपाटातून स्नेहलबाईंच्या हाती आली ती तेरावं झाल्यावर, आणि कपाटाची किल्ली असायची मोठ्या जावेकडे. इथे आल्यावर गिनी उलटी करून पाहिली तर ही अशी. तेव्हापासून जावेशी बोलणं बंद. आता मुलीचं लग्न ठरलं होतं. केतकी तिचं नाव. पत्रिका छापून आल्या होत्या आणि मोठ्या जावेची पत्रिका पाठवायची की नाही, ते या गिनीवर अडलं होतं.

विंग कमांडर हे सगळं चालू असताना भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत उभे होते. विमान चालवणारा माणूस, पण बायको आणि वहिनी यांच्यामध्ये उतरायला जागा मिळत नव्हती.

मी गिनी काट्यावर ठेवली. इथे नियम सोपा आहे. बाजू उमटायची राहिली असेल तर सोनं कुठे जात नाही, वजन पुरं भरतं. ही दोन-अडीच गुंजा कमी भरली. म्हणजे टाकसाळीची चूक नाही. राजा इथे होता आणि नंतर गेला. एरवी मी हे ताबडतोब सांगून टाकते. त्या दिवशी सांगितलं आणि लगेच पस्तावले, कारण स्नेहलबाई नवऱ्याकडे वळून एवढंच म्हणाल्या, "म्हणजे ताईंनीच."

चावलाजींनी गिनी हातात घेतली आणि त्यांनीही तेच सांगितलं, किसी ने घिसा है, साफ़ बात है. विंग कमांडरांचा चेहरा बघवेना. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात, पण इथे गोटा कुणाच्या कपाळी बसणार, हे माझ्या तोंडून ठरणार होतं. मी म्हटलं, बसा, चहा घ्या. मला अजून पाहायचंय.

भिंगाखाली धरल्यावर पहिली गोष्ट खटकली ती कड. गिनीच्या कडेला बारीक खाचा असतात, आणि त्या कशासाठी असतात हे आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. सोनं चोरणारा नेहमी कड तासतो. तोंड कधीच नाही. राजाचं तोंड पुसून टाकलं तर पाहणाऱ्याला पहिल्या नजरेत कळेल, इतका वेडा चोर कोण असतो? या गिनीच्या सगळ्या खाचा शाबूत होत्या. मग कोऱ्या बाजूवर उजेड तिरका पाडला. कानस फिरली असती तर सरळ ओरखडे दिसले असते. इथे होते ते बारीक, गोल गोल फेरे, एकात एक गुंतलेले, आणि एकाच वेळचे नव्हते. काही जुने होऊन विरलेले, काही त्यांच्यावरून गेलेले. एका अंगाला गिनी जरा जास्त पातळ होती, चिमटीत धरून तिरकी टेकवल्यासारखी. हे कुणी एका दुपारी बसून केलेलं काम नव्हतं. याला माणसांची आयुष्यं लागली होती.

पण काय काम, ते कळेना. मी इतकी वर्षं कानशी, व्हाइस आणि ड्रिलच्या खुणा ओळखण्यात घालवली, त्यामुळे मला दुनियेतली सगळी हत्यारं आठवत होती, आणि यातलं एकही बसत नव्हतं. सेक्टर ३९मधल्या संस्थेतल्या एका शास्त्रज्ञानं दुकानाला जुना मायक्रोस्कोप नीट करून दिलाय, त्याच्याखाली गिनी घातली. कडेच्या खाचांत पिवळट-तपकिरी मळ घट्ट बसला होता. एखाद्या उतावळ्या गिऱ्हाइकानं तो केव्हाच ब्रशनं काढून टाकला असता. मी गिनीवर तोंडाची वाफ दिली, मळ जरा ओलसर व्हावा म्हणून, आणि नाकाजवळ नेली.

वेखंड. खरंच वास आला की वासाची आठवण आली, हे शपथेवर सांगता येणार नाही. पण त्या क्षणी मला इचलकरंजीचं आमचं स्वयंपाकघर दिसलं, धाकट्या भावाला पायांवर घेतलेली आई दिसली, आणि तिच्यापुढची सहाण. वेखंड, हळकुंड, जायफळ, मुरडशेंग, एकेकाचे मोजून वेढे, आणि सगळ्यांत शेवटी तिच्या बोटातल्या सोन्याच्या वळ्याचे. बाळाची गुटी. सोन्याचा अंश बाळाच्या पोटात जावा म्हणून सोनं सहाणेवर उगाळायचं. आता डॉक्टरांपुढे गुटीचं नाव काढलं तरी त्यांच्या अंगावर काटा येतो, आणि त्यांचं बरोबरच असेल. पण आमच्या पिढीतला कोण तिच्यावाचून वाढलाय?

मी स्नेहलबाईंना विचारलं, तुमच्या घरी गुटी कशाची उगाळायचे. त्यांना माहीत नव्हतं. त्यांची दोन्ही मुलं एअर फोर्स स्टेशनांवर जन्मलेली, एक आसामात, एक राजस्थानात. गुटी त्यांनी पाहिलीच नव्हती. मी सांगितलं ते त्यांनी ऐकून घेतलं, पण चेहरा मोकळा झाला नाही. त्या म्हणाल्या, "हे तुम्ही माझ्या समाधानासाठी सांगताय."

माझ्या कामात आजवर कुणी असा आरोप केला नव्हता. मी म्हटलं, मिरजेला विचारा की. त्यांनी मान हलवली. जावेला काय विचारणार, आणि कुठल्या तोंडानं, हे त्या बोलल्या नाहीत, पण दिसत होतं. तेव्हा कॅलेंडरपुढचे विंग कमांडर वळले, फोन काढला आणि स्पीकर लावून काउंटरवर माझ्या काट्याशेजारी ठेवला.

पलीकडून घाईचा, मोठा आवाज आला. वहिनींचा. त्यांनी आधी भाऊजींना ओरडून घेतलं, इतक्या महिन्यांत फोन नाही म्हणून. विंग कमांडरांनी ते निमूट ऐकलं आणि विचारलं, "वहिनी, आईची ती गिनी एका बाजूनं कोरी का आहे?"

वहिनी हसायला लागल्या. "अहो, गुटीची गिनी ना ती. कोरी नाही तर काय होणार? घोडा वर, राजा खाली, असं आईंनी शिकवलं होतं मला. म्हणायच्या, बाळाला घोडा दिसला पाहिजे, राजा झिजला तरी आपल्याला काय त्याचं. तुमच्या आजीपासून चाललंय ते. आणि सगळ्यांत जास्त कुणाला लागली माहितीये? तुम्हाला. शेंडेफळ, त्यात पोटदुखे. आई सांगायच्या, रात्रंदिवस सहाण पुढ्यातच असायची. निम्मा राजा एकट्या भाऊजींच्या पोटात गेलाय."

मी विंग कमांडरांकडे पाहिलं. सहा फूट उंची, भरघोस मिशा, आणि कानाच्या पाळ्या लाल. चावलाजींना मराठी येत नाही, पण त्यांच्याकडेही घुट्टी असतेच. मी दोन वाक्यांत सांगितल्यावर ते उठले, चोरीचा माल सापडलेल्या फौजदाराच्या थाटात विंग कमांडरांच्या पोटाकडे बोट करून म्हणाले, "लो जी, माल बरामद," आणि त्यांना मिठीच मारली.

स्नेहलबाई हसल्या नाहीत. त्या फोनकडे टक लावून बसल्या होत्या.

पलीकडे वहिनींचा आवाज मात्र खाली आला होता. त्या म्हणाल्या, "माझी तिन्ही पोरं मी स्वतः तिच्यावर वाढवली भाऊजी. हात बसला होता माझा. आईंनी पाटल्या मला दिल्या, मी हो म्हटलं. पण मला ती गिनी हवी होती. स्नेहलला दिली, ते बरोबरच, ती घरापासून लांब असते. पण तेव्हापासून तिचा फोन नाही, तुमचा नाही. मला वाटलं, माझं तोंड पडलेलं दिसलं असेल तिला, म्हणून रागावली." मग म्हणाल्या, "केतकीचं ठरलं ते मला नणंदेकडून कळलं."

 चावलाजींनी सुनेला खूण करून दुकानाचं दार लोटून घ्यायला सांगितलं. मला एकदम फार वाईट वाटलं. दोन बायकांनी इतके महिने एकाच गिनीवरून मन जाळलं होतं, एकीनं ती मिळाली म्हणून आणि दुसरीनं मिळाली नाही म्हणून, आणि दुसरीचं कारण एकीलाही माहीत नव्हतं.

स्नेहलबाईंनी फोन ओढून घेतला.  मग म्हणाल्या, "ताई, मी बोलतेय. लग्नाच्या आधी आठ दिवस यायचंय तुम्ही. केतकीच्या ओटीत ती गिनी तुम्ही घालायची. तुमच्या हातानं."

 पलीकडून नाक ओढल्याचं ऐकू आलं. मग वहिनी म्हणाल्या, "सहाण माझ्याकडेच आहे गं. येताना घेऊन येते."